इंग्लंडमध्ये थंडी वाजणाऱ्याला 'नेश' का म्हणतात? हा शब्द आला कुठून?

'नेश' म्हणजे ज्याला थंडी अजिबात सोसत नाही असा माणूस. उच्चार 'फ्रेश'शी यमक जुळेल असा. डर्बीशर, नॉटिंगहॅमशर, स्टॅफर्डशर, चेशर या भागांत हा रोजच्या बोलण्यात आहे; लंडनकडे मात्र अनेकांना तो कळतही नाही.

ही अलीकडची टपोरी भाषा नव्हे. जुन्या इंग्रजीत 'ह्नेशे' म्हणजे मऊ, कोवळा. पुढे सुरुवातीचा 'ह' गळला, जसा 'नट' (कवचाचं फळ) या शब्दातला गळला (तो पूर्वी 'ह्नुटु' होता). गॉथिक या इंग्रजीच्या जुन्या नातलग भाषेतल्या बायबलात मऊ वस्त्रांसाठी 'ह्नास्क्वुस' आहे, तो याचाच भाऊबंद. मऊवरून नाजूक प्रकृतीचा, त्यावरून भित्रा आणि थंडीला घाबरणारा, असा अर्थ सरकत गेला. काही ठिकाणी क्रियापदही झालं: 'नेश इट' म्हणजे ऐनवेळी कच खाणं.

वापरताना एक जपा. ताप येऊन हुडहुडी भरलेल्याला 'नेश' म्हणत नाहीत. धडधाकट माणूस जरा गारव्यात कोट चढवू लागला की म्हणतात, 'डोन्ट बी सो नेश!' मित्रांत ती थट्टा. अनोळखी माणसाला म्हणाल तर तो टोमणाच.