बीपी नॉर्मल आला, आता आईची गोळी बंद केली तर चालेल का?

तुमची आई ५२ वर्षांची, तासगावजवळ राहणारी, तीन महिने अ‍ॅम्लोडिपिन ५ चालू आणि परवा १२६/८० आला. गोळी थांबवू नका. तो १२६ गोळीनेच आणलाय. हे औषध अंगातून सावकाश उतरतं, म्हणून बंद केल्यावर तिसऱ्या दिवशी मोजलं तरी आकडा चांगलाच दिसतो आणि घरचे खूश होतात. मग हळूहळू तो मूळ जागी जातो. दुखत-खुपत काही नाही, म्हणून तेव्हा मोजायला कुणी जात नाही.

पण तो आकडा घेतला कसा? एसटीतून उतरून चालत आलेल्या बाईला लगेच बाकावर बसवायचं, झंपरच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळायचा, हात लोंबता आणि वर "भांगलण झाली का?" अशा गप्पा. असा बीपी सहज दहा-पंधराने चढा येतो. आधी लघवीला जाऊन यावं. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसावं. उघडा दंड, पट्टा कोपराच्या दोन बोटं वर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. चहा आणि मशेरी अर्धा तास आधी बंद. मिनिटभराने पुन्हा मोजून सरासरी धरा. दंड जाड असेल तर मोठा पट्टाच हवा, लहान पट्टा आकडा खोटा वाढवतो. घरी सरासरी १३५/८५ च्या खाली राहिली पाहिजे.

मीठ दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा. त्यात खरडा, लोणचं, पापड सगळं आलं. सैंधव चालतं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका, तेही सोडियमच. गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅकही बीपी चढवते.

"जुन्या माणसांना कुठं होता बीपी?" हे वाक्य मला सहन होत नाही. मोजत कोण होतं? अंगावरून वारं गेलं म्हणायचे, ते बहुतेक काय होतं? २०१७ च्या नोव्हेंबरात देशात उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातल्या पहिल्या चार जिल्ह्यांत आपला शेजारी सातारा होता. तिथंही सगळा भर एकाच गोष्टीवर: गोळ्या संपायच्या आत माणूस परत आला पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात या गोळ्या फुकट मिळतात, महिन्याच्या घेऊन या.

उभं राहताना चक्कर येत असेल, वजन बरंच उतरलं असेल किंवा घोटे सुजत असतील तर डॉक्टरांना सांगा. डोस कमी करायचा की गोळी बदलायची, ते ठरवतील.