फळांची सालं मुरघासात घालायची, पण कशासोबत?

प्रश्न : जालन्यात ज्यूस सेंटरवाल्यांकडून मोसंबीची सालं-चोथा फुकट मिळतो. मक्याच्या कुट्टीत साधारण तिसरा हिस्सा सालं घालून बॅगा भरल्या, तर खालून काळं पाणी गळायला लागलं आणि गायी वास घेऊन तोंड फिरवतात. सालं बाद धरायची का?

बाद कशाला, फुकटचा माल आहे. पण मक्याला त्याची गरजच नव्हती. मुरघास मुरतो तो साखरेवर, हवा बंद झाली की जिवाणू साखर खाऊन लॅक्टिक आम्ल तयार करतात, सामू (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४ च्या आसपास उतरतो आणि चारा टिकतो. मक्यात ही साखर मुळातच भरपूर असते. तुम्ही त्यात घातलंत ते मुख्यतः पाणी, कारण ताज्या सालीत ८० टक्के पाणी, त्यात मका चिकात, म्हणजे दाणा दुधाळ असतानाच कापला असेल तर त्यातही ७५ टक्क्यांच्या आसपास, मग बॅगेत चारा राहतच नाही, रस्सा होतो. गळून जाणाऱ्या पाण्याबरोबर साखर जाते आणि उरलेल्या ओल्या मालात दुसरेच जिवाणू घुसतात, तो खवट तुपासारखा वास त्यांचाच.

सालीला जोडी द्यायची ती कोरड्या चाऱ्याची. ज्वारीचा कडबा, गव्हाचं काड, सोयाबीनचं भुसकट, जे असेल ते. हिशोब सोपा आहे बघा : ८० किलो सालीत कोरडा भाग १६ किलो, २० किलो कडब्यात १८ किलो, म्हणजे १०० किलोत ३४. आपल्याला ३० ते ३५ च हवा असतो. कडबा बारीक कुट्टी करूनच घ्या, सालंही मशीनमधून काढा, अख्ख्या वाट्या राहिल्या की त्यांच्या पोटात हवा अडकते. बॅगेच्या तळाला चार बोटं नुसत्या कडब्याचा थर, मग मिसळलेला माल थोडा थोडा टाकून पायानं दाबत जायचं, घाई इथेच नडते. भरायच्या आधी मूठभर माल घट्ट दाबून बघा, बोटांतून पाणी ठिबकलं तर अजून कडबा घाला, मूठ उघडल्यावर गोळा सावकाश सुटला तर बरोबर, लगेच भुगा झाला तर कोरडा आहे. गूळ-बिळ काही घालू नका, सालीत आहे तेवढी साखर बास.

माल मात्र त्याच दिवसाचा हवा. उन्हाळ्यात पोत्यात एक रात्र राहिली की सालं तापतात, चिलटं घोंगावतात, साखरेची दारू व्हायला लागते. निळी-हिरवी बुरशी दिसली तर ती साल उकिरड्यावर, मुरवल्यानं बुरशीचं विष जात नाही. आणि पोतं ओतून हातानं चाळा, चाळाच! ज्यूसवाल्याच्या पोत्यात स्ट्रॉ, ग्लासची झाकणं, रबर, कधी स्टेपलरच्या पिनासुद्धा निघतात आणि गाय काही निवडून खात नाही.

४५ दिवसांनी बॅग उघडा. सुरुवात दोन किलोपासून, आठवड्याभरात वाढवत न्या, मी तरी मोठ्या गायीला दिवसाला सात-आठ किलोच्या पुढे देणार नाही. सालीत कॅल्शियम जास्त आणि फॉस्फरस कमी, त्यामुळे मिनरल मिक्श्चर चालू ठेवा. धार काढायच्या आधी देऊ नका, दुधाला वास लागतो, काढून झाली की घाला.

प्रश्न : लसूणघासाचा मुरघास दरवेळी नासतो, गूळ घालूनही. त्यात फळांचा कचरा चालेल का?

फळाचा कचरा खरा कामाला येतो तो इथं. लसूणघासात साखर कमी, प्रथिनं आणि क्षार जास्त, हे क्षार आम्लाला दाद देत नाहीत आणि सामू उतरतच नाही. घास कापून अर्धा दिवस उन्हात सुकवा, पानं गळायच्या आत उचला, कुट्टी करा आणि १०० किलोत १०-१५ किलो ताजी मोसंबी, अननस किंवा आंब्याची सालं मिसळा. मूठ दाबून बघायचं इथेही विसरू नका, घास पुरेसा सुकला नसेल तर सालं घालून नुकसानच होईल. डाळिंबाची सालं असतील तर हात आखडता, तुरटपणा म्हणजे टॅनिन, तो जास्त झाला की प्रथिनं बांधून ठेवतो आणि जनावराच्या अंगी लागत नाहीत. चवळी किंवा गवारीच्या हिरव्या चाऱ्यालाही हीच पद्धत.

प्रश्न : सिंधुदुर्गात काजूचे बोंडू झाडाखाली कुजून जातात. गुरांसाठी मुरवता येतील?

येतील, जोडीला भाताचा पेंढा. बोंडूत पाणी सालीपेक्षाही जास्त, म्हणून सालीसारखा चार भागांना एक भाग नाही, साधारण तीन भाग बोंडूला एक भाग पेंढा धरा. रस काढलेला चोथा मिळाला तर अजून बरं, मग पेंढा कमी लागेल, तो अंदाज मुठीनेच घ्यायचा. पडलेले बोंडू सकाळीच गोळा करा, दुपारपर्यंत उन्हात राहिले की फसफसतात आणि अशा बोंडवांवर ताव मारून झिंगलेली गुरं तुम्ही पाहिलीच असतील. बी पिळून काढलेली आहे ना ते तपासा, टरफलातलं तेल तोंड भाजतं. पेंढ्यात प्रथिनं नावालाच, त्यामुळे दुभत्या जनावराची पेंड कमी करायला जाऊ नका, भाकड गुरांना आणि वाढत्या कालवडींना हा मुरघास आधी लावा.