गोल्फ नवीन सुरू करताय? सध्या एवढंच बघा

तुम्ही विचारलंत की सुरुवातीला किती सिरियसली खेळायचं. माझं मत सरळ आहे, मन लावून खेळा, पण स्कोअरसाठी नाही, सवयींसाठी. नवीन माणूस पहिली चूक करतो ती म्हणजे अख्खा सेट घेऊन टाकतो. नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब (बॉल मारायच्या काठ्या) चालतात, म्हणजे १४ पाहिजेतच असं नाही ना, ७ नंबरचं आयर्न (मधल्या अंतरासाठी), एक वेज (जवळून बॉल उंच उचलायला), एक हायब्रिड (लांब मारायला) आणि पटर (बॉल खड्ड्याकडे हळूच ढकलायला), एवढ्यावर पहिले सहा महिने आरामात निघतात.

दुसरी चूक जास्त मोठी. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, सगळे बादलीभर बॉल ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने) जोरजोरात मारत बसतात आणि पटिंग ग्रीन, म्हणजे पटरच्या सरावाची हिरवळ, रिकामं पडलेलं. अहो, २५० यार्डांचा ड्राइव्ह पण एक स्ट्रोक (फटका) आणि दोन फुटांचा पट (पटरचा हलका फटका) पण एकच! पार ७२ च्या कोर्सवर, म्हणजे जिथे १८ होल ७२ स्ट्रोकमध्ये व्हावेत असं धरलेलं असतं, हिशोबात प्रत्येक होलला दोन पट धरलेले असतात, म्हणजे ३६, निम्मा खेळ तिथेच. मग निम्मा वेळ तिथे द्या की.

बाकी:
- ग्रिप पहिल्याच दिवशी कोचकडून नीट करून घ्या, चुकीची सवय नंतर सुटता सुटत नाही.
- हरवलेला बॉल फक्त ३ मिनिटं शोधायचा, मागचे लोक थांबलेले असतात.
- स्कोअर खरा लिहा. ९ झाले तर ९. हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला मिळणारी स्ट्रोकची सूट) ५४ पर्यंत मिळतो, लाज कसली! वर्षानुवर्षं खेळणारे पण शेवटचा पट न मारता बॉल उचलतात आणि आकडा लिहून मोकळे होतात, मला ते बघून खरंच वाईट वाटतं.

स्विंगचे व्हिडिओ, स्पिन वगैरे सध्या नको. पहिला राउंड ९ होलचाच खेळा आणि कसा झाला ते इथे नक्की कळवा.