मढं किती टर्नमध्ये सडावं? रोगलाइक गेम बनवणाऱ्यांचे प्रश्न

प्रश्न: पहिलाच रोगलाइक (जुन्या 'रोग' गेमच्या धर्तीवरचा, एकेका टर्नने म्हणजे चालीने खेळायचा भुयारांचा गेम) बनवतोय. भूक ठेवू की काढून टाकू? खेळून बघणारे मित्र म्हणतात नुसती कटकट आहे.

आधी भुकेला काम काय देणार ते ठरवा. १९८० च्या 'रोग'मध्ये भूक होती ती तुम्हाला खालच्या मजल्यावर ढकलायला, म्हणजे एका कोपऱ्यात बसून एचपी (जीवशक्तीचा आकडा) भरून घ्यायचा आणि मग आरामात पुढे जायचं हे फुकटात होऊ नये म्हणून. 'डंजन क्रॉल स्टोन सूप'ने २०२१ च्या ०.२६ व्हर्जनमध्ये खाणंच काढून टाकलं, कारण तोवर त्यात उपाशी मरायची वेळ क्वचितच कुणावर यायची, उरलं होतं ते फक्त खाण्यासाठी मारलेल्या राक्षसांची मढी कापत बसणं. 'ब्रोग'मध्ये मढी नाहीतच, पण जसजसे खाली जाल तसतसं पुरेसं अन्न पडेल याची काळजी गेमच घेतो, त्यामुळे चालत राहणारा उपाशी मरत नाही, रेंगाळणारा मरतो. छोटा गेम असेल तर डोळे झाकून हेच करा. मढी आणायची असतील तर मात्र प्रत्येक मढ्यापाशी प्लेयरला विचार करावा लागला पाहिजे, नाहीतर ते जास्तीचं क्लिक आहे फक्त.

प्रश्न: मी सरळ ५० टर्न ठेवलेत, ५० झाले की मढं विषारी. बरोबर आहे का?

चालेल, पण त्यात मजा नाही. 'नेटहॅक'मध्ये मढ्याचं वय १० ते २९ मधल्या एका रँडम आकड्याने भागतात, शाप असेल तर उत्तरात २ मिळवतात, आशीर्वाद असेल तर २ वजा, आणि ते ५ च्या वर गेलं की जीवघेणी विषबाधा. म्हणजे साधं मढं ६० टर्नच्या आत जीव घेत नाही, तिथून पुढे धोका चढत जातो आणि १७४ नंतर खात्रीच. पण मढ्यावर शाप आहे की नाही हे बहुतेक वेळा माहीतच नसतं, म्हणून जुने खेळाडू ३० टर्नच्या आत खाऊन मोकळे होतात. आणि झोंबीचं मढं पडतानाच १०० टर्न जुनं धरलेलं असतं, हा तर मला फारच आवडलेला तपशील आहे, कारण तो नियम पाठ नसला तरी डोकं चालवलं की कळतो.

यात खटकतं ते एकच, की कुठलं मढं कधी पडलं हे प्लेयरने लक्षात ठेवायचं. तुम्ही नावातच दाखवा ना, ताजं, शिळं, कुजलेलं. नेमका धोका रँडम राहू दे पण पायरी दिसू दे. आणि कोडमध्ये दर टर्नला प्रत्येक मढ्याचं वय वाढवत बसू नका, मेल्याचा टर्न साठवा आणि लागेल तेव्हा वजाबाकी करा, प्लेयर दुसऱ्या मजल्यावर जाऊन आला तरी हिशोब चुकत नाही.

प्रश्न: वेगवेगळ्या वयाची मढी इन्व्हेंटरीत (जवळच्या सामानाच्या यादीत) एकत्र होत नाहीत, दहा ओळी भरतात. काय करू?

उचलूच देऊ नका, जिथे पडलं तिथेच खायचं. उचलू द्यायचंच असेल तर ढिगाला त्यातल्या सगळ्यात जुन्या मढ्याचं वय लावा, म्हणजे ताज्यात शिळं मिसळायचं का हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

प्रश्न: सडलेलं मढं म्हणजे नुसता कचरा होतो. त्याचा काही उपयोग करता येईल का?

भरपूर, आणि खरी गंमत इथेच आहे. 'नेटहॅक'मध्ये वेदीवर बळी द्यायचा तर मढं ५० टर्नच्या आतलं लागतं, म्हणजे एकाच मढ्यावर पोट आणि देव दोघांचा दावा. तिथे लायकनचं (lichen, दगडफुलासारखा राक्षस) मढं कधीच सडत नाही म्हणून लोक ते अडीअडचणीला जपून ठेवतात, तर ट्रोल मेला तरी परत उठतो, त्याचं मढं खाऊन टाकणं हीच सेफ्टी. 'कॅटॅक्लिझम'मध्ये झोंबीचं मढं ठेचलं किंवा कापलं नाही तर ते पुन्हा उठतं, म्हणून लढाई जिंकल्यावरही काम उरतं आणि दमलेल्या माणसाला ते करायचं की पळायचं हे ठरवावं लागतं. 'अनरिअल वर्ल्ड'मध्ये मोठी शिकार झाली की मांस वाळवायचं, धुरी द्यायची किंवा मीठ लावायचं, नाहीतर गेलं, म्हणजे तिथे सडणं तुम्हाला हिवाळ्याची तयारी करायला लावतं.

मी तुमच्या जागी असतो तर वास आणला असता. ताज्या मढ्याच्या रक्ताला लांडगे येतात, कुजलेल्याला उंदीर आणि किडे, आणि तेच कुजलेलं मढं दारात टाकून आतल्या राक्षसाला बाहेर काढता येतं. दमट मजल्यावर लवकर सडावं, बर्फाच्या मजल्यावर जवळपास सडूच नये, तिथल्या मढ्यांवर नंतर परत येता येईल. अजून एक, जुन्या मढ्यावर अळंबी उगवू द्या, काही खायची, काही विषारी, म्हणजे आधी मारलेल्या जागी परत फिरकायला कारण मिळतं. फक्त हे सगळं एकदम घालू नका. आधी वास टाका, मित्रांना खेळू द्या, ते मढी मुद्दाम ओढत न्यायला लागले की मग अळंबीकडे वळा.