चार मिनिटांचा दादा

"मॅडम, मी कुठे चुकले?" हे वाक्य माझ्या समुपदेशनाच्या खोलीत नेहमीचंच. पण या बाईंची तक्रार उलटी होती. एरवी मुलगा भातुकली खेळतो म्हणून घाबरलेले आईवडील येतात. या आल्या त्या मुलगा भातुकली खेळत नाही म्हणून.

नाशिकला अंबडच्या एका कारखान्यात इंजिनिअर. चार वर्षांची जुळी, मुलगा आणि मुलगी. दोघांना सगळं सारखं द्यायचं हे बाळंतपणाआधीच ठरलेलं. ठोकळे सारखे, गाड्या सारख्या, भांडीबाजारातून पितळी भातुकलीचे दोन संच. आठवड्याभरात मुलाने तवा, झाकण्या, जे जे गोल सापडेल ते हॉलभर गडगडत सोडलं. मुलीने दोन्ही संच एकत्र करून पंगत मांडली, वर भावाला दटावलं, "मुलं टिकली लावत नाहीत!" सासूबाई म्हणाल्या, "बघ, रक्तातच असतं ते." नवऱ्याने व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर वाचून दाखवला: चौथ्या वर्षी मुलांमधलं टेस्टोस्टेरॉन दुप्पट होतं, म्हणून ती दांडगाई करतात.

तो मजकूर आधी निकालात काढला. चौथ्या वर्षी असं काही होत नाही. गर्भात साधारण आठव्या आठवड्यापासून मुलग्याच्या शरीरात हे संप्रेरक तयार होऊ लागतं. जन्मानंतर पहिल्या काही महिन्यांत पुन्हा चढतं आणि मग उतरतं ते वयात येईपर्यंत खालीच राहतं.

पण सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नव्हत्या. मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा एक जन्मजात विकार आहे, त्यात मुलींना आईच्या पोटात असतानाच पुरुषी संप्रेरकं जास्त मिळतात. अशा मुलींचा ओढा इतर मुलींपेक्षा गाड्या-ठोकळ्यांकडे जास्त दिसतो, आईबापांनी बाहुल्या पुढे केल्या तरी. म्हणजे खेळाच्या आवडीत जन्माआधीचा काही वाटा असतो. हे सांगितल्यावर बाईंचा चेहरा पडला.

टिकलीचं मात्र वेगळं. आपण मुलगा की मुलगी हे या वयात मुलांना नुकतंच कळलेलं असतं. फ्रॉक घातला तर मुलाची मुलगी होईल असंही काहींना खरंच वाटतं, म्हणून नियम फार कडक पाळले जातात. सहा-सात वर्षांनंतर हे बरंच सैल होतं. "तिच्या फ्रॉकशी भांडू नका," एवढंच मी म्हटलं.

हे बोलणं चालू असताना एक गंमत झाली. माझ्याकडे माशांची टाकी आहे, तिच्यापाशी एक लाकडी स्टूल. मुलगा स्टुलावर चढला, टाकीवर नाक दाबून उभा राहिला. बाई बोलत राहिल्या. तो उतरला, मुलगी चढली. तिचा दुसरा पाय वर जायच्या आत बाईंचा हात तिच्या दंडाला. "पडशील गं!" आणि लगेच माझ्याकडे वळून, "तर मी म्हणत होते, मी दोघांत काहीच फरक करत नाही..."

मला हसू आवरेना. मग त्यांना न्यूयॉर्कमधला २००० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगितला. ११ महिन्यांच्या रांगणाऱ्या बाळांच्या आयांना विचारलं, तुमचं बाळ किती उताराची घसरण उतरेल? मुलग्यांच्या आयांनी अंदाज जास्त बांधला, मुलींच्या आयांनी कमी. बाळांना प्रत्यक्ष सोडलं तेव्हा मुलं-मुली सारखीच उतरली. आया काही खोटं बोलत नव्हत्या, त्यांना तसंच दिसत होतं.

घरी एक वही ठेवायला सांगितली: पंधरा दिवस, दोघांना कोण काय म्हणतं ते जसंच्या तसं लिहायचं. माझी खात्री होती की वही सासूबाईंच्या वाक्यांनी भरेल. बाईंचीही. दुसऱ्या भेटीत त्या वही मिटूनच बसल्या. "मॅडम, माझीच वाक्यं जास्त निघाली."

त्याला 'किती जोरात पळतोस रे', तिला 'किती गोड दिसतेस गं'. त्याला 'रडायचं नाही', तिला 'ये इकडे, काय झालं?' यातलं शेवटचं मला जास्त सलतं. रडणाऱ्या मुलाला जवळ न घेण्यात कसलं आलंय बळ?

पानोपानी आणखी एक शब्द होता. मुलगा चार मिनिटांनी मोठा, म्हणून घरात तो 'दादा' आणि ती 'छकुली'. 'दादाचा हात धर.' 'दादाला आधी विचार.'

"हे कुणी ठरवलं?" मी विचारलं.

"कुणीच नाही. आपोआप झालं."

नवरा शेजारीच होता. तो बराच वेळ वहीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "पण तो उड्या मारतोच ना जास्त?" मारतो. मारू द्या की. जॅनेट हाइड या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये स्त्री-पुरुष फरकांवरच्या ४६ मोठ्या आढाव्यांची छाननी केली. त्यातले ७८ टक्के फरक नगण्य किंवा लहान निघाले. मोठे होते त्यांत चेंडू लांब फेकण्यासारख्या गोष्टी. तेव्हा क्रिकेटचं काय ते तुम्ही ठरवा, पण रोबोटिक्सचा क्लास लावायचा तर एकट्या दादासाठी कशाला?

महिन्याने बाईंचा फोन आला. गंगेवर, म्हणजे आमच्या गोदावरीच्या घाटावर, गेले होते सगळे. पायऱ्यांवर दादा आईचा हात सोडेना आणि छकुली तीन पायऱ्या उतरून पाण्यापाशी.

"मग?"

"तोंडातून 'जपून' निघालंच, मॅडम. पण दादाला म्हटलं, छकुलीचा हात धर."