टॅम्रिएलचा इतिहास नेमका कोण सांगतंय?

‘एल्डर स्क्रोल्स’ या व्हिडिओ गेम मालिकेतल्या जगाचा, म्हणजे टॅम्रिएल खंडाचा, इतिहास आणि तिथले धर्म यांवर आलेले प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. मालिकेतली बहुतेक माहिती गेममधल्या पुस्तकांतून मिळते, आणि ती पुस्तकं त्या जगातल्याच कोणीतरी, कसल्यातरी हेतूने लिहिलेली असतात. वाद घालताना नेमकं हेच विसरलं जातं.

प्रश्न: मालिकेतल्या ‘मॉरोविंड’ या गेममध्ये नेरेवार या युद्धनेत्याच्या मृत्यूच्या दोन हकिगती मिळतात. एकीत तो लढाईतल्या जखमांनी जातो, दुसरीत त्याचेच तीन सल्लागार त्याला विष घालतात. आमच्या ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. खरं काय?

आधी साक्षीदार मोजा. ज्या लढाईच्या सुमारास तो गेला, ती रेड माउंटनची लढाई पहिल्या युगाच्या 700 साली झाली आणि ‘मॉरोविंड’ सुरू होतो तिसऱ्या युगाच्या 427 साली. पहिलं युग 2920 वर्षांचं आणि दुसरं 896 वर्षांचं. म्हणजे पहिल्या युगातली उरलेली 2220, मग 896, मग 427 अशी 3543 वर्षं मध्ये गेली. एवढ्या काळानंतर त्या प्रसंगाबद्दल स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. गेममधला खलनायक डागोथ उर आहे, पण त्याच्याच म्हणण्याप्रमाणे त्याला नेरेवारनेच पाडलं, म्हणजे नेरेवारचा शेवट त्याने पाहिलेला नाही. ड्वेमर या नाहीशा झालेल्या जमातीतला शेवटचा, याग्रुम बागार्न, त्या वेळी या जगातच नव्हता. अझुरा देवीला सगळं ठाऊक असेल, पण तिची पूजा बाजूला सारून ज्यांची देव म्हणून पूजा सुरू झाली ते हेच तीन सल्लागार, त्यामुळे ती या खटल्यात फिर्यादीच्या बाजूची. उरले ते तीन सल्लागार: अल्मालेक्सिया, सोथा सिल आणि व्हिवेक. साक्षीदार तेच आणि आरोपीही तेच.

आता दोन्ही कागद शेजारी ठेवा. जखमांची हकिगत व्हिवेकची आहे. तिच्या सुरुवातीच्या चार ओळी बहुतेक जण गाळून वाचतात, पण सगळा मुद्दा तिथेच आहे. व्हिवेक हे बोलतोय ते मालूर ओमायन नावाच्या बंडखोर पुजाऱ्यासमोर, त्याची चौकशी चाललेली असताना, आणि खोलीत मंदिराचे चौकशी अधिकारीही बसलेले आहेत. ज्या देवाचं मंदिर, तोच तिथे उत्तर देतोय. या जबानीत तो एक मोठी गोष्ट कबूल करतो: कॅग्रेनॅकची अवजारं (लॉर्खान या देवाच्या काळजातून शक्ती काढणारी) वापरणार नाही अशी शपथ तिघांनी नेरेवारला दिली होती आणि ती मोडली. खून मात्र तो कबूल करत नाही.

विषाची हकिगत अ‍ॅशलँडर या भटक्या टोळ्यांची. ती नेरेवारचा ढालकरी अलांड्रो सूल याच्या नावावर सांगितली जाते, पिढ्यान् पिढ्या तोंडी फिरली आणि मग कागदावर आली. तपशील मात्र ठसठशीत आहेत: अल्मालेक्सियाच्या विषारी मेणबत्त्या, सोथा सिलची विषारी वस्त्रं, व्हिवेकचे विषारी मंत्र. इतके नेटके तिहेरी तपशील पाहिले की कथेला सांगणाऱ्याचा हात लागलाय हे जाणवतं. शिवाय अ‍ॅशलँडर तिघांना देव मानत नाहीत, त्यामुळे त्यांचाही स्वार्थ आहेच.

तोल झुकतो तो तिसऱ्या कागदाने. व्हिवेकची छत्तीस प्रवचनं गेममध्ये सुटी सुटी मिळतात. त्यातल्या एकोणतिसाव्यात आकड्यांची यादी आहे. प्रत्येक आकडा एकेका प्रवचनासाठी. त्या त्या प्रवचनातला तेवढ्या क्रमांकाचा शब्द उचलत गेलं की सलग मजकूर तयार होतो: तो जन्मतः देव नव्हता, त्याने स्वतःच्या मर्जीने हा मार्ग धरला, देवत्व चोरलं आणि युद्धनेत्याचा खून केला. खाली सही व्हिवेकची. हे मूळ इंग्रजी मजकुरावरच जमतं, आणि एक शब्द पुढेमागे मोजला की सगळी ओळ बिघडते. म्हणून दोघांनी वेगवेगळं मोजून ताळा करा.

स्वतःच्या विरुद्ध दिलेली साक्ष नेहमीच जड असते, त्यामुळे आमचं मत खुनाकडे. पण ‘सिद्ध झालं’ असं म्हणू नका. तीच प्रवचनं व्हिवेकच्या जन्माच्याही अशक्य कथा सांगतात. बनवणाऱ्यांनी ही फट मुद्दाम ठेवली आहे, ती बुजवायच्या नादात ग्रुप फोडू नका.

प्रश्न: टॅलोस (भक्तांच्या मते देव झालेला सम्राट टायबर सेप्टिम) खरंच देव आहे का? ‘स्कायरिम’मध्ये त्याच्या वेदीवर वर मिळतो, एवढा पुरावा पुरेसा नाही का?

नाही. टॅलोसच्या वेदीवर दोन शाउटमधला (ओरडून करायच्या जादूमधला) वेळ 20 टक्क्यांनी कमी होतो हे खरं, पण ‘मॉरोविंड’मध्ये व्हिवेक आणि मंडळींच्या वेद्याही वर द्यायच्या आणि त्यांची शक्ती लॉर्खानच्या काळजातून उचललेली होती. वर मिळतो एवढ्यावरून कोणीतरी समर्थ पलीकडे आहे इतकंच कळतं.

याहून भक्कम पुरावा ‘ऑब्लिव्हियन’मध्ये आहे. त्यातला खलनायक मॅन्कार कॅमोरान याच्या स्वर्गात शिरण्यासाठी चार वस्तू लागतात: डेड्रिक अधिपतीची (अझुरासारख्या शक्तीची) वस्तू, एका देवाचं रक्त, ग्रेट वेल्किंड स्टोन आणि ग्रेट सिगिल स्टोन. देवाचं रक्त म्हणून साँक्रे टोरमधून टायबर सेप्टिमचं चिलखत आणलं जातं आणि विधी यशस्वी होतो. कृती शत्रूच्या ग्रंथातून काढलेली आहे, त्या ग्रंथाला टॅलोसची भलामण करण्याचं काहीच कारण नव्हतं. यावर ‘ते नुसतं राजवंशाचं रक्त होतं’ असा आक्षेप येतो. पण विधी करणारा मार्टिन, गादीचा वारस, त्याच वंशाचा होता. वंश पुरेसा असता तर त्याने स्वतःचं बोट कापलं असतं, साँक्रे टोरची पायपीट कशाला?

आता खरा गुंता. ‘टॅलोस देव आहे’ आणि ‘टायबर सेप्टिम देव झाला’ ही दोन वेगळी विधानं आहेत. गेममधला एक पाखंडी ग्रंथ म्हणतो की ह्याल्टी नावाचा सेनानी, वुल्फहार्थ आणि झुरिन आर्क्टस या तिघांच्या कहाण्या मिळून टॅलोस बनला. लेखक म्हणून नाव आहे अंडरकिंगचं, म्हणजे ज्याचा घात झाला त्याचंच. त्याला राग असणारच. तरीही हा ग्रंथ टॅलोसचं देवत्व नाकारत नाही, फक्त देव झाला तो माणूस कोण, एवढंच विचारतो. आणि थाल्मोर या एल्फ सत्तेने टॅलोसच्या पूजेवर आणलेली बंदी, म्हणजे चौथ्या युगाच्या 175 सालचा व्हाइट-गोल्ड करार, हा राजकारणाचा पुरावा आहे. देवत्वाच्या वादात तो दोन्ही बाजूंनी बाजूला ठेवा.

प्रश्न: ‘डॅगरफॉल’चा अधिकृत शेवट कोणता?

सगळे. 1996 च्या त्या गेममध्ये न्युमिडियम या महाकाय यंत्रमानवाला ताब्यात ठेवणारं टोटेम कोणाला द्यायचं हे खेळाडू ठरवायचा. पुढच्या भागात एकाला खरं धरलं तर बाकीचे खोटे पडले असते, म्हणून तिसऱ्या युगाच्या 417 साली काळच मोडला आणि सगळे शेवट एकदम घडले असं ठरवलं गेलं. इलियाक उपसागराभोवतीची ढीगभर संस्थानं जाऊन डॅगरफॉल, वेरेस्ट, सेंटिनेल आणि ऑर्सिनियम अशा चार सत्ता उरल्या. पण प्रत्येक विसंगतीवर ‘काळ मोडला असेल’ हे औषध लावणाऱ्याला वादात बसवू नये. तो तोडगा या जगातही मोजक्या ठिकाणीच वापरलाय.

प्रश्न: जुन्या पुस्तिकेत सिरोडील, म्हणजे साम्राज्याचा मधला प्रांत, जंगल आहे, ‘ऑब्लिव्हियन’मध्ये नाही. हा सरळ घोळ नाही का?

निर्मितीच्या बाजूने बघाल तर हो. 1998 च्या ‘रेडगार्ड’ गेमसोबतच्या पुस्तिकेत घनदाट अरण्य होतं, 2006 मध्ये मोकळी वनराई आली. पुढे त्यावर टाके घातले गेले. कॅमोरानचा ग्रंथ म्हणतो की लाल राजाचं घर, म्हणजे सिरोडील, एके काळी अरण्य होतं, आणि ‘स्कायरिम’मधल्या व्हाइटरन शहरात ओरडून प्रवचन देणारा पुजारी हाइम्स्कर टॅलोसच्या तोंडची ‘ही माझी भूमी मी नव्याने घडवतो’ अशी वाक्यं म्हणतो. शत्रू आणि भक्त दोघेही एकच सांगतात, त्यामुळे हा टाका चांगला बसला. मग 2014 चा ‘एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन’ आला. तो दुसऱ्या युगाच्या 582 साली घडतो, टायबर सेप्टिमच्या जन्माआधी, आणि तिथेही अरण्य नाही. त्या गेममध्ये ‘नक्कल करणाऱ्याची चूक’ असाही एक खुलासा येतो. आम्हाला हा खुलासा पडेल वाटतो, पण तोही गेममध्येच आहे, तेव्हा नोंदवावा लागतो.

प्रश्न: गेम बनवणारी कंपनी सोडलेल्या लेखकाने नंतर लिहिलेलं धरायचं का?

वेगळ्या रकान्यात धरा. गेममध्ये आलं ते पहिला रकाना, नोकरीत असताना बाहेर सांगितलं ते दुसरा, सोडल्यावर लिहिलं ते तिसरा. तिसऱ्यातली कल्पना नंतरच्या गेममध्ये शिरली तर ती पहिल्यात येते, पण तेवढाच भाग.

प्रश्न: आमचे वाद दर वेळी आवाज चढून संपतात. काही पद्धत?

एका बैठकीला एकच विधान, एका वाक्यात, फळ्यावर. ‘टॅलोसबद्दल बोलू’ हे विधान नव्हे. प्रत्येक बाजूने जास्तीत जास्त तीन पुरावे आणायचे आणि प्रत्येकापुढे चार गोष्टी लिहायच्या: कोणता गेम, त्या जगात हे कोणी लिहिलं, घटनेनंतर किती वर्षांनी, आणि लिहिणाऱ्याचा फायदा काय. चौथी गोष्ट रिकामी राहिली तर तो पुरावा पुढच्या बैठकीला.

घोळ साधारण तीन जागी होतो. पहिला, विकीचं वाक्य उचललं पण खालची तळटीप उघडली नाही. तळटीप नसेल तर ते कोणाचं तरी मत आहे. दुसरा, मोडमधला (चाहत्यांनी गेममध्ये घातलेल्या भरीतला) मजकूर मूळ गेमचा समजला जातो. ‘टॅम्रिएल रिबिल्ट’सारख्या मोडमधली पुस्तकं इतकी बेमालूम लिहिलेली असतात की खेळताना फरक कळत नाही, म्हणून संदर्भ तपासायला मोड नसलेली कॉपी वेगळी ठेवा. तिसरा, पात्राचं वाक्य क्वेस्टच्या (गेममधल्या कामगिरीच्या) कोणत्या टप्प्यावरचं ते सांगितलं जात नाही. त्याच पात्राची उत्तरं पुढच्या टप्प्यावर बदलतात. स्क्रीनशॉट घेताना जर्नलची शेवटची नोंदही सोबत घ्या.

शेवटी दोन्ही बाजूंनी लिहून द्यायचं: काय सापडलं तर आम्ही मत बदलू. ज्याला हे लिहिता येत नाही, त्याने त्या दिवशी फक्त ऐकावं.