काचेवरचे पांढरे किडे: औषध ओतण्याआधी डोकं बघा

माशांची दोन फुटी टाकी, बारा गप्पी, थोड्या चेरी श्रिंप (छोट्या लाल कोळंब्या) आणि रात्री लाइट लावला की काचेवर केसासारखे पांढरे किडे, असं तुम्ही लिहिलंय. दुकानदाराने "एक झाकण टाका, सकाळपर्यंत साफ" म्हणून बाटलीही दिलीय. ती आधी कपाटात ठेवा. मी एकदा अशीच ओतली होती, तांब्याचं औषध निघालं. किडे होते तिथेच, श्रिंप मात्र सकाळी सगळ्या आडव्या.

मोबाइलचा झूम ताणून एकच किडा नीट बघा. डोकं बाणासारखं तिकोनी, त्यावर दोन ठिपक्यांसारखे डोळे आणि चाल गोगलगायीसारखी सरकत, तर तो प्लॅनेरिया, म्हणजे चपटा किडा. डोकं-शेपूट काही कळत नाही, नुसता दोरा, काचेवरून सुटला की वळवळत पोहतो, तर तो गाळातला किडा, गांडुळाचा लांबचा भाऊबंद. तुमच्याकडे हा दुसराच वाटतोय.

हा माशांना काही करत नाही. वाळूत उरलेलं खाद्य आणि घाण खाऊन वाढतो. आमच्याकडे हे कोडं सुटायला महिना लागला. मी सकाळी चिमूटभर टाकून ऑफिसला, दुपारी आई ("बिचारे तोंड उघडून वर येतात रे"), संध्याकाळी मुलगी. खाद्याचा डबा भराभर संपायला लागला तेव्हा ट्यूब पेटली.

दोन दिवस खाद्य बंद ठेवा, गप्पी काही उपाशी मरत नाहीत. मग दिवसातून एकदाच, दोन मिनिटांत संपेल एवढं. आठवड्यातून एकदा सायफनचा पाइप वाळूत खुपसून गाळ ओढा. तुमच्या टाकीत साधारण 55 लिटर पाणी असेल, त्यातलं 14-15 लिटर, म्हणजे एक बादली, पुरे. माझी पहिली बादली चहाच्या रंगाची होती आणि तळाशी शेवया वळवळत होत्या. ओतून देण्याआधी श्रिंपची पिल्लं आलीत का बघा, दोन-चार सापडतातच. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, अँटिक्लोरिन घालूनच भरा. फिल्टरचा स्पंजही नळाखाली नको, काढलेल्या पाण्यातच पिळा.

किडे पाण्याच्या वरच्या कडेला गोळा होत असतील तर खाली ऑक्सिजन कमी पडतोय. पुण्यात एप्रिल-मेमध्ये टाकी तापते आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. झोपमोड होते म्हणून रात्री एअर पंप बंद करत असाल तर ते आधी थांबवा. दोन-तीन आठवड्यांत किडे दिसेनासे होतील. वाळूत थोडे राहतील, राहू देत.

प्लॅनेरियाच निघाला तर काचेवर चिरडू नका, तुकड्यांतून नवे होतात. श्रिंपच्या पिल्लांना तो खातो. छोट्या प्लास्टिकच्या बाटलीला तापवलेल्या खिळ्याने भोकं पाडा, आत कोळंबीचा तुकडा टाकून रात्री तळाशी ठेवा, लाइट लावण्याआधी उचला. त्यानेही हटले नाहीत तरच फेनबेंडाझोल हे जंतांचं औषध. श्रिंपना ते चालतं, पण नेराइट आणि मिस्ट्री गोगलगायी मरतात, त्या आधी दुसरीकडे हलवा.

माशाच्या गुदद्वारातून लाल दोरे लोंबताना दिसले तर मामला वेगळा. ते पोटातले जंत, त्यांना लेव्हामिसोल लागतं.

झूम केलेला एक फोटो पाठवा. आणि घरात खाद्य कोण-कोण टाकतं, तेही एकदा विचारून सांगा.